कुंडिनपूरचा दरवाजा

बडनेऱ्याला मुंबई-हावडा मार्गावरची गाडी सोडायची आणि नऊ-दहा किलोमीटरवरच्या अमरावतीसाठी दुसरी गाडी, नाही तर ऑटो धरायचा, हे इथल्या माणसांच्या अंगवळणी पडले आहे. त्या मधल्या वेळात फलाटावरच्या तरुण मुलामुलींकडे जरा पाहावे. कुणाच्या हातात जाडजूड कादंबरी असते, कुणी मोबाईलवर मान खाली घालून वाचत असते. काय वाचतेस म्हणून विचारले, तर गोष्ट साधारण एकच निघते. माणसाची मुलगी आणि पिशाच्चकुळातला मुलगा, किंवा पृथ्वीवरचा तरुण आणि परग्रहावरची तरुणी. त्यांचे प्रेम आणि दोन्हीकडच्यांचा विरोध. शेजारी बसलेल्या आईच्या कपाळाला आठी पडते. हे कसले भलतेच खूळ, असे तिला वाटते.

खूळ म्हणावे तर ते फार जुने आहे. हान्स अँडरसनची राजपुत्रावर जीव लावणारी जलपरी १८३७ सालची. मुकी सफाई कामगार बाई आणि प्रयोगशाळेत डांबून ठेवलेला जलचर यांच्या प्रेमाचा ‘द शेप ऑफ वॉटर’ हा चित्रपट २०१७ सालचा. त्याला ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. दोन वेगळ्या जगांतल्या प्रेमाची थोर कथा ज्या मातीतली आहे, त्या मातीवरच आपण राहतो.

तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. विदर्भ राजाची कुंडिनपूर नगरी ती हीच, असे परंपरा सांगते. महाभारताच्या वनपर्वातली दमयंती या कुंडिनपूरची. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार देव आले आणि चौघांनीही नळाचे रूप घेतले. समोर पाच नळ उभे! तिने देवांनाच विनवले, तेव्हा त्यांनी आपली चिन्हे प्रकट केली. देवांना घाम येत नव्हता, त्यांची पापणी लवत नव्हती, गळ्यातल्या माळा कोमेजत नव्हत्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. पाचव्याच्या अंगावर मात्र धूळ होती, कपाळावर घाम होता आणि पायांशी सावली होती. दमयंतीने अमर, निष्कलंक देव सोडून त्या घामेजलेल्या माणसाच्या गळ्यात माळ घातली.

पुढचा भाग आपण सहसा विसरतो. ज्यांना नाकारले गेले ते चारही देव रागावले नाहीत; उलट नळाला वर देऊन गेले. रागावला तो कली. स्वयंवर आटोपल्यावर तो वाटेत देवांना भेटला आणि देवांना सोडून माणसाला वरलेच कसे, म्हणून सूड घ्यायला निघाला. आपल्या घरांत ‘लोक काय म्हणतील’ असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, ते लोक बहुधा याच कलीच्या गोत्रातले असतात. ज्यांचा खरा संबंध असतो, त्यांची समजूत निघू शकते. संबंध नसलेल्यांचा राग मात्र शमत नाही.

याच नगरीची दुसरी लेक रुक्मिणी. भावाने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले. तिने स्वतः पत्र लिहिले आणि ज्याला हे राजेलोक गवळी म्हणून हिणवत होते, त्या कृष्णाला बोलावून घेतले. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून तो तिला घेऊन गेला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. भाऊ रुक्मी हरला, कुंडिनपुरास परतला नाही, भोजकट नगर वसवून राहिला. ते भोजकट म्हणजे बडनेऱ्याजवळचे भातकुली, अशी आख्यायिका आहे. पण भागवत त्याला तिथेच सोडून देत नाही. मनात वैर असूनही, बहिणीला बरे वाटावे म्हणून, पुढे या रुक्मीने आपली मुलगी बहिणीच्या मुलाला दिली. रुसलेल्या भावाला एवढे तरी करता आले.

ही झाली पुराणे. आता अलीकडचे पाहा. ज्या अंबादेवीच्या देवळातून रुक्मिणी आपल्या मनाने निघून गेली, त्याच देवळाचे दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या माणसांना बंद होते. ते उघडावे म्हणून १९२७ साली चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. या चळवळीत पुढे असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी त्याच वर्षी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. देऊळ आणि घर, दोन्ही ठिकाणचे दार एकाच वेळी ठोठावले गेले, हा योगायोग खचित नव्हे. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वाटही करून दिली. तरी त्या कायद्यातली तीस दिवसांची नोटीस लागली, की आजही मुलामुलींचा जीव मुठीत येतो. नोटिशीची त्यांना भीती नसते. नोटीस वाचणाऱ्या घरच्यांची असते.

म्हणूनच मुलांना पिशाच्च आणि परग्रह लागतात. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलाचे नाव घरात घेता येत नाही, मंगळावरच्या मुलाचे घेता येते. ती गोष्ट म्हणजे त्यांनी आपल्यापुढे टाकून पाहिलेला खडा असतो. पाणी किती खोल आहे, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. अशा वेळी पुस्तक हिसकावून घेणारा बाप आपले उत्तर देऊन मोकळा होतो, आणि पोरगी पुढचे काही विचारत नाही.

आईबापांची काळजी खोटी आहे, असे कुणीच म्हणणार नाही. प्रेमाची निवड चुकू शकते. निदान तिच्यावर संकट येऊ शकते. दमयंतीवरही आले. द्यूतात सारे हरलेला नळ तिला अरण्यात झोपलेली टाकून गेला. देवांना नाकारून, स्वतःच्या मनाने लग्न केलेली ही मुलगी कुठे गेली? ती कुंडिनपुरास आली. तिची मुले तिने आधीच तिथे धाडली होती. बापाने तिचा शोध घ्यायला माणसे पाठवली, तिला घरी आणले आणि मग जावयाच्या शोधासाठीही माणसे पाठवली. ‘तुझे तू पाहिलेस, आता भोग’ हे वाक्य त्या कथेतल्या बापाच्या तोंडी नाही. नळ-दमयंतीची पुन्हा भेट झाली ती याच माहेरी.

मुलीच्या निवडीला मान डोलवणे प्रत्येकाला जमेलच असे नाही. पण तिला परत यायला दार उघडे ठेवणे जमले पाहिजे. बंद दारामुळेच कित्येक मुली वाईट संसार मुकाट्याने सोसतात, आणि काहींच्या बाबतीत तर पुढचे वर्तमानपत्रातच वाचावे लागते.

दर आषाढीला कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची ही परंपरा मानली जाते. घरच्यांचा विरोध मोडून निघून गेलेल्या लेकीची ही माहेरची पालखी, आणि आपण रस्त्यात उभे राहून तिच्यापुढे हात जोडतो. त्या दिवशी घरी परतल्यावर आपल्या लेकीला एवढेच विचारावे : बाई, तू परवा वाचत होतीस त्या गोष्टीत पुढे काय झाले?