मंडळात नवी मैत्रीण कशी येईल?

मैत्रिणींनो, "नव्या बायका येतच नाहीत हो!" ही तक्रार कोणत्याही छोट्या गावच्या महिला मंडळात ऐकायला मिळते. तीच अध्यक्ष, तीच चिटणीस, तीच पाककृती स्पर्धा. वीस जणींचं मंडळ बारावर येतं आणि एक दिवस सतरंज्या, चहाची भांडी कोणाच्या तरी माळ्यावर जाऊन पडतात.

मग दोष कोणाला? टीव्हीला, मोबाईलला आणि 'आजकालच्या मुलीं'ना! पण आपण त्यांना बोलावलं का? फळ्यावरची सूचना म्हणजे आमंत्रण नव्हे. भाड्यानं राहायला आलेली शिक्षिका, शेजारची नवी सून यांना ती सूचना आपल्यासाठी आहे असं वाटतच नाही. दोघींनी घरी जावं, सासूबाईंशीही चार शब्द बोलावेत आणि "गुरुवारी मी न्यायला येते" म्हणावं. मग पाऊल उचलतं.

पंडिता रमाबाईंनी 1882 साली पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला. तिथं जाणाऱ्यांत विशीतल्या रमाबाई रानडे होत्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून त्या जात. पुढे 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाच्या त्या आधारस्तंभ झाल्या. तिथं शिकून कितीतरी जणी शिक्षिका, परिचारिका झाल्या. आज बुजत आलेली सून उद्या काय उभं करील, कोणी सांगावं?

दुसरं म्हणजे, आलेलीला काम द्या. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, तोच लिज्जत. तिथली प्रत्येक सभासद भगिनी संस्थेची मालकीण असते. आपल्याकडे मात्र नवीनं वर्षभर नुसत्या टाळ्या वाजवायच्या! तिच्या हाती वर्गणीची वही द्या, सहलीचा हिशेब द्या. चुकेल एखादवेळी, शिकेलही.

आता जरा कडू बोलते. दुपारी तीनची सभा नोकरीवालीला कशी जमणार? वर्षाची वर्गणी एकदम भरणं मजुरी करणारीला कसं परवडणार? आणि हळदीकुंकू हाच आपला मुख्य कार्यक्रम असेल, तर जिचा नवरा गेला तिनं कुठं बसायचं? नव्या मैत्रिणी शोधताना आपण जुन्या मैत्रिणीलाच बाहेर ठेवतो. यंदा पहिलं वाण तिच्या हाती द्या. सभा महिन्याआड संध्याकाळी घ्या, वर्गणी महिन्याला थोडी थोडी घ्या.

हा खटाटोप यादी लांबवण्यासाठी नाही. रात्रीबेरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, घरात मार खाल्लेली लेक दारात उभी राहिली, तर हाक मारायला चार दारं जास्त हवीत, म्हणून.

तेव्हा या महिन्यात प्रत्येकीनं फक्त एक मैत्रीण आणायची. बाराच्या चोवीस होतील. आणि ती आली, की सतरंजीवर थोडं सरकून तिला जागा द्यायची, बरं का!