कान्हेरीचा माथा, फाल्गुनातला

कान्हेरीला आपली माणसे जातात, वंदना घेतात, डबा खातात आणि परततात. वरचा माथा राहूनच जातो. यंदा फाल्गुनात आम्ही वस्तीतली मुले-माणसे घेऊन खडकातल्या पायऱ्यांनी वर गेलो. बहुतेक लेण्यांजवळ भिक्खूंनी पावसाच्या पाण्यासाठी खोदलेली टाकी आहेत, ती वाटेत दाखवली.

माथ्यावर गवत वाळलेले, झाडे निष्पर्ण. पण काटेसावर लाल फुलांनी लगडलेली आणि पळस तर पेटलेलाच! मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल भांडत होते. एक माकड पाकळ्या ओरबाडून खात होते. खाली चितळेही दिसली.

पळसाचे फूल एकाही मुलाला ओळखता आले नाही. बरोबरच्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी मग पत्रावळी कशी टाचायची, फुलांचा रंग कसा काढायचा, सावरीचा कापूस उशीत कसा भरतात, सारे सांगितले. शाळेच्या पुस्तकात हे कुठे? गाव सुटलेल्या आपल्या घरांतून हे ज्ञान म्हाताऱ्यांबरोबरच चालले आहे. तेव्हा बंधुभगिनींनो, त्यांना घरी राखण बसवू नका, बरोबर न्या.

पाणी घरून घ्यावे. विडी-काडी नकोच, वाळक्या गवताला ठिणगी पुरते. सोमवारी उद्यान बंद असते.