कर्जतला या, पण दिवाळीनंतर



जून उजाडला की मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "तुमच्याकडचे धबधबे सुरू झाले का? रविवारी सगळे येतो." पाहुणे आले की मला आनंदच होतो. पण यंदा मी प्रत्येकाला सांगते आहे, या, जरूर या, पण दिवाळीनंतर.

पावसात पावलागणिक जीव असतात, म्हणून आपले साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवतात. आणि आपण नेमक्या याच चार महिन्यांत सहली काढतो! धबधब्याच्या दगडावरचं शेवाळ अनंतकायच ना? घरात बटाटा न चालणाऱ्या आपण त्यावर उभ्या राहून फोटो काढतो. हे मला पटत नाही.

शिवाय जीव आपलाही आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. झोपलेली घरंच्या घरं गेली. डोंगर पावसाने भिजलेला असताना त्याच्या कुशीत मुलं न्यायची कशाला?

माझी जाऊ म्हणते, "पावसाशिवाय कर्जतला आहे काय?" हिवाळ्यात ते हिरवेपण नसतं, हे मान्य. पण कोंडाणे लेणी बघा. डोंगरात कोरलेला चैत्य आणि विहार, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. तिथले बौद्ध भिक्षूही पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम पाळत. त्याला वर्षावास म्हणतात. पायांत ताकद असेल तर पेठचा कोथळीगड. त्याच्या सुळक्याच्या पोटातच पायऱ्या कोरल्या आहेत. सासूबाई बरोबर असतील तर नेरळहून माथेरान. तिथे दस्तुरीच्या पुढे खासगी गाड्या जात नाहीत, त्यामुळे लाल मातीच्या रस्त्याने निवांत चालता येतं. मुलांना कर्जत स्टेशनावर थोडं थांबवा. बोरघाट चढण्यासाठी पुण्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लागतात, ते बघताना मुलं हलत नाहीत.

जेवणाचं मात्र आधीच ठरवा. स्टेशनावरचा प्रसिद्ध वडा बटाट्याचा, तो आपल्या कामाचा नाही. घरून कच्च्या केळ्याचे वडे आणि गाळलेलं पाणी घ्या. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून पाचला जेवण उरकून परतीला लागा.

पाहुण्याला "आत्ता येऊ नका" म्हणायला जीभ अडखळते. मीही बरीच वर्षं गप्प राहिले. पण घरचा नियम आपणच सांगितला नाही, तर मुलांना तो कोण सांगणार?