डेलिरियस: लक्षात राहिलं ते अर्धंच

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लिटलहॅम्प्टन नावाचं छोटं गाव आहे. १९९२ साली तिथल्या एका चर्चमध्ये तरुणांसाठी 'कटिंग एज' नावाचा मासिक कार्यक्रम सुरू झाला. त्यात वाजवणाऱ्या पोरांचा पुढे बॅण्ड झाला, डेलिरियस. (अधिकृत नावाच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ते ठेवलं तर माझं प्रत्येक वाक्य शंका काढल्यासारखं वाटेल, म्हणून गाळतोय.) ख्रिस्ती उपासनेच्या गाण्यांना आता सगळीकडे 'वर्शिप' म्हणतात. त्या वर्तुळातले अनेक जण या बॅण्डची गोष्ट ठरलेल्या चालीत सांगतात. पोरं सुंदर भक्तिगीतं लिहायची, मग त्यांना पॉपस्टार व्हायची हौस आली, ना घरचे राहिले ना घाटचे, आणि २००९ मध्ये गाशा गुंडाळला.

मला ही गोष्ट साफ उलटी वाटते. चर्चच्या बाहेर पडण्याची धडपड हाच या बॅण्डचा सगळ्यात चांगला भाग होता. आपण डोक्यावर घेतलाय तो दुसरा.

गायक मार्टिन स्मिथ मुळात साउंड इंजिनिअर. १९९५ मध्ये कार्यक्रमाहून परतताना गाडी चालवता चालवता त्याचा डोळा लागला आणि मोठा अपघात झाला. हॉस्पिटलात काही आठवडे पडून राहिल्यावर त्याचं ठरलं, की आता पूर्णवेळ हेच करायचं. १९९७ चा 'किंग ऑफ फूल्स' ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत १३ व्या क्रमांकावर गेला. त्यातलं 'डीपर' हे गाणं २० व्या, तर १९९९ चं 'सी द स्टार' १६ व्या. हे ख्रिस्ती संगीताच्या राखीव यादीतले आकडे नाहीत, ज्या यादीत सगळा देश असतो तिथले आहेत. तेही स्वतःच्या लेबलवर. २००१ मध्ये ते बॉन जोव्हीच्या आधी स्टेजवर उभे राहिले. समोरच्या गर्दीला त्यांच्या देवाशी काही घेणंदेणं नव्हतं, आणि माझ्या मते भक्तिगीताची खरी परीक्षा तिथेच होते.

त्याच काळात त्यांचं एक जुनं गाणं वेगळ्याच वाटेनं निघालं होतं. 'आय कुड सिंग ऑफ युवर लव्ह फॉरेव्हर', १९९४ चं. १९९९ मध्ये सॉनिकफ्लड या अमेरिकन बॅण्डनं ते उचललं आणि गाणं चर्चाचर्चांत पोचलं. मोजके कॉर्ड, कुणालाही झेपेल असा सूर, परत परत येणारं ध्रुवपद. या बॅण्डच्या गिटारमध्ये यू-टूची आठवण करून देणारा घुमारा होता, तोही पुढे सगळ्यांनी घेतला. आज यूट्यूबवर कुठलंही नवं वर्शिप गाणं लावा, पहिल्या तीस सेकंदांत हा साचा ओळखू येतो.

साचा टिकला त्याला कारण आहे, आणि ते आध्यात्मिक नाही. १९८८ पासून सीसीएलआय नावाची अमेरिकन कंपनी चर्चना गाण्यांचे परवाने देते. चर्च आपल्या आकारमानानुसार वार्षिक फी भरतं, कोणती गाणी वापरली ते कळवतं, आणि त्या हिशेबानं गीतकारांना रॉयल्टी मिळते. व्यवस्था प्रामाणिक आहे, कलाकाराला पैसे मिळायलाच हवेत. पण मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या आकड्याचा डॅशबोर्ड भिंतीवर लागतो तोच आकडा वाढतो, बाकी सगळं हळूहळू कुणाच्या लक्षातही न येता मरतं, हे आम्ही रोज बघतो. इथे आकडा आहे 'किती चर्चमध्ये रविवारी गायलं गेलं' हा. मग गाणं तसंच होणार. कुणालाच न खुपणारं.

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक हिशेब मांडला. २०१० ते २०२० या काळात सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या पंचवीसांत पोचलेली नवी गाणी ३८. त्यातली ३६ हिलसाँग, बेथेल, पॅशन आणि एलिव्हेशन या चार ठिकाणांशी जोडलेली. देव सगळ्यांचा, त्याची गाणी चार कारखान्यांतली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: अहो, सगळ्यांनी मिळून गायचं तर गाणं सोपं नको का? हवंच. पण सोपं म्हणजे कायम आनंदी असं कुणी ठरवलं? बायबलमधल्या स्तोत्रांत कितीतरी स्तोत्रं निव्वळ तक्रारीची आहेत. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला शिव्या देते, तुकोबा त्याच्याशी कचाकचा भांडतात, आणि ते अभंग खेड्यापाड्यांतले लोक शेकडो वर्षं एकत्र गातायत. समूहाला राग गाता येत नाही, हे मला कुणी सांगू नये.

डेलिरियसला हे कळलं होतं असं मी म्हणतो ते २००८ च्या 'किंगडम ऑफ कम्फर्ट'मुळे. त्याआधी ते मुंबईत येऊन गेले होते. देहविक्रय करणाऱ्या बायांच्या मुलांसाठी चालणारा 'प्रेम किरण' हा प्रकल्प त्यांनी पाहिला. अशा प्रवासांचा ठसा अल्बमवर स्पष्ट आहे. शीर्षकगीत आपण स्वतःभोवती रचलेल्या सुखसोयींच्या राज्याबद्दल आहे, आणि त्यातला आरोपी गाणारा स्वतः आहे. परदेशी बॅण्डनं मुंबईची गरिबी बघून हेलावणं यात नवं काही नाही, मला त्याचा वैतागच येतो. पण हे तिथल्या मुलांवर गाणं करून थांबले नाहीत, बोट स्वतःच्या घराकडे वळवलं. त्याच वर्षी जानेवारीत मार्टिन स्मिथच्या पुढाकारानं बारा गीतकार स्कॉटलंडमध्ये जमले. 'कम्पॅशनआर्ट' नावाखाली तिथे लिहिलेल्या गाण्यांची रॉयल्टी त्यांनी गरिबांसाठी देऊन टाकली. म्हणजे रॉयल्टीचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडला होता. किती बॅण्डना पडतो?

२९ नोव्हेंबर २००९ ला लंडनच्या हॅमरस्मिथ अपोलोमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. चार महिन्यांनी, २०१० च्या ईस्टरला, ब्रिटनमधल्या ख्रिस्ती चाहत्यांनी फेसबुकवर मोहीम काढली आणि त्यांचं एक गाणं विकत घेऊन घेऊन थेट चौथ्या क्रमांकावर नेलं. बॅण्ड चालू असताना त्यांचं कुठलंच गाणं इतकं वर गेलं नव्हतं. मोहिमेसाठी निवडलं गेलं 'हिस्टरी मेकर', १९९७ च्या अल्बममधलं, आपण इतिहास घडवणार असं छातीठोक सांगणारं. 'किंगडम ऑफ कम्फर्ट' तेव्हा दोनच वर्षांचं होतं.