न विचारता केलेला त्याग



गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, मी माळा आवरायला काढला. यजमानांच्या छोट्या गाड्यांच्या किटचे अकरा खोके निघाले. पन्नाशी उलटलेल्या माणसाला खेळणी कशाला, असं म्हणत मी ते सगळे भाच्याला देऊन टाकले आणि मंदिरात दोघी-तिघींना कौतुकाने सांगूनही आले.

संध्याकाळी कळलं, एका खोक्यात अर्धी झालेली गाडी होती. तीन महिन्यांचं काम. तोवर तिचं छत तुटलं होतं. हे रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "विचारलं असतंस तर त्यातले आठ मीच दिले असते."

ते वाक्य मला क्षमावणीपर्यंत बोचत राहिलं. त्याग आपल्या वस्तूचा करायचा असतो. दुसऱ्याने न दिलेली वस्तू उचलणं याला आपल्याकडे दुसरं नाव आहे, आणि त्याविरुद्ध अचौर्याचं व्रत आहे. अपरिग्रह शिकवायला निघाले आणि अचौर्यात चुकले.

क्षमा मागितली, आणि मग पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून हे काम पाहिलं. ही खेळणी नाहीत. 1/24 प्रमाणाची गाडी म्हणजे खऱ्या गाडीची लांबी चोविसाने भागायची. आपली जुनी मारुती 800 या मापात जेमतेम चौदा सेंटिमीटर होईल. भाग कटरने सुटे करायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, तेलकटपणा जावा म्हणून साबणाच्या पाण्याने धुवायचे. मग प्रायमर, मग रंगाचे पातळ पातळ हात. एकदम जाड हात दिला तर दारांच्या बारीक रेघा बुजतात. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. काचा झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावल्या तर त्यावर पांढुरकं धुकं धरतं, म्हणून तिथे साधा पांढरा गोंद. पापडाचं पीठ कुटून, लाट्या करून, उन्हाची वाट पाहणाऱ्या आपल्याला हा धीर नवा नाही.

कुणी म्हणेल, एवढी एकाग्रता म्हणजे ध्यानच. मी तसं म्हणणार नाही. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची जागा गाडी घेऊ शकत नाही. पण "हे पोरकट आहे" हा आक्षेपही माझ्या दृष्टीने खोटा आहे. आपण श्राविकांनी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यात अनर्थदंड होतो का? करमणुकीसाठी विनाकारण हिंसा होते का?

होऊ शकते, आणि दोन ठिकाणी होते. पहिलं, रात्रीचं काम. दिव्यावर चिलटं येतात आणि ओल्या रंगाला चिकटून मरतात. ज्या कारणाने आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्याच कारणाने रंगही थांबायला हवा. आता आमच्याकडे रंगकाम दिवसाच होतं. थिनरचा वास जावा म्हणून खिडकी उघडी, यांच्या तोंडाला मास्क, आणि रंगवलेला भाग लगेच डब्याखाली झाकलेला. धूळही बसत नाही, जीवही सापडत नाही.

दुसरं, ब्रश. बारीक कामासाठी नावाजलेले कोलिन्स्की ब्रश एका जातीच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. आपल्या देशात खुद्द मुंगसाच्या केसांचेही ब्रश झाले. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. केसांसाठी प्राणी मारले जातात, हे यांनाही माहीत नव्हतं. आता घरात फक्त नायलॉनचे ब्रश आहेत. टोक थोडं लवकर वाकतं, पण आरशांच्या कडा छान रंगतात.

उरला परिग्रह. तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून करत नाही, मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून करतं. हाताखालची एक गाडी मला परिग्रह वाटत नाही. माळ्यावरचे न उघडलेले दहा खोके मात्र नक्की वाटतात, कारण त्यांतून काही घडत नव्हतं, फक्त "माझ्याकडे आहेत" हे सुख होतं. यांनी स्वतःहून परिमाण केलं: घरात दोन किट, पहिलं पुरं झाल्याशिवाय तिसरं आणायचं नाही. ते ऐकल्यावर मला माझं कपाट उघडावं लागलं. घडी न मोडलेल्या सतरा साड्या निघाल्या. तेव्हा मीही परिमाण घेतलं, आणि या वेळी दिलेल्या साड्या माझ्याच होत्या.

म्हणून माझं मत असं: घरातल्या माणसाचा असा छंद मोडू नका. त्यातली हिंसा शोधा, ती काढायला त्याला मदत करा, आणि मर्यादा त्याची त्यालाच ठरवू द्या. आणि हो, मुलांच्या चित्रकलेच्या डब्यातले ब्रशही आज एकदा पाहा. ते केसांचे असतील, तर पुढच्या वेळी दुकानात नायलॉनचेच मागा.