रवांडाबरोबरच्या करारावरून : युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. उर्सुला फॉन डेअर लायन,
अध्यक्ष, युरोपीय आयोग, ब्रसेल्स



काँगोतल्या युद्धाबद्दल मुंबईतून ब्रसेल्सला पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पूर्व काँगोत भारतीय सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणात वर्षानुवर्षं उभे आहेत. जुलै 2022 मध्ये बुटेम्बोत सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान जमावाच्या हल्ल्यात मारलेही गेले. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. ‘ती माणसं आमची नव्हेत’ हे शेजारच्या राष्ट्राचं वाक्य आम्ही 1999 मध्ये कारगिलच्या वेळी ऐकलं आणि 26/11 नंतर पुन्हा ऐकलं. त्यामुळे फेब्रुवारी 2025 मध्ये सीएनएनच्या वार्ताहरानं ‘तुमचं सैन्य काँगोत आहे का’ असं विचारल्यावर रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे ‘मला माहीत नाही’ म्हणाले, तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. त्या सैन्याचे सरसेनापती तेच आहेत.

बाकीच्यांना मात्र माहीत होतं. जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं तीन ते चार हजार रवांडी सैनिक काँगोच्या हद्दीत असल्याचं म्हटलं होतं. ‘एम 23’ या बंडखोर गटाच्या मोहिमा प्रत्यक्षात तेच चालवतात, हेही त्यात होतं. जानेवारी 2025 च्या अखेरीस पूर्व काँगोतलं गोमा शहर एम 23 च्या हाती पडलं, फेब्रुवारीत बुकावू. 21 फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेनं एकमतानं ठराव 2773 करून रवांडाला सैन्य मागे घ्यायला सांगितलं.

आता आपल्याकडे वळतो. 19 फेब्रुवारी 2024 रोजी आपल्या आयोगानं रवांडाबरोबर महत्त्वाच्या खनिजांचा सामंजस्य करार केला. एम 23 तेव्हा गोमाच्या वेशीजवळ, साके गावाभोवती लढत होता. दोन-सव्वादोन महिन्यांत त्यानं मासिसी भागातलं रुबाया ताब्यात घेतलं. फोनमधल्या कपॅसिटरना लागणारा टँटलम ज्या कोल्टनपासून मिळतो, त्याच्या जागतिक उत्पादनातला सुमारे 15 टक्के वाटा या एका डोंगराळ गावाचा सांगितला जातो. इथे यंत्रं नाहीत. माणसं फावड्यानं खणतात, माती धुतात, पोती पाठीवरून उतरवतात. एम 23 नं तिथे खाण खातं असावं तसा कारभार थाटला : परवाने, वजनावर कर, रस्त्यावर नाका. तज्ज्ञगटाच्या पुढच्या अहवालानुसार या करातून महिन्याला किमान आठ लाख डॉलर मिळत होते. किमान 150 टन कोल्टन चोरवाटेनं रवांडात जाऊन तिथल्या मालात मिसळलं गेलं. सरहद्द ओलांडली, पोत्याला रवांडाचा बिल्ला लागला, की माल सोवळ्यात. पुढे तो कुठेही जायला मोकळा.

विशेष म्हणजे हे रोखणारा कायदा आपल्याचकडे आहे. कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं आयात करणाऱ्यांनी माल कुठल्या मुलखातून आला याची खातरजमा करावी, असं बंधन युरोपात 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. एका दालनात हा कायदा आणि शेजारच्या दालनात तो करार! दोन्हीकडचे अधिकारी दुपारचं जेवण तरी एकत्र घेत असतील ना?

गोमा पडल्यावर युरोपीय संसदेनं 443 विरुद्ध 4 मतांनी हा करार ताबडतोब स्थगित करा असं सांगितलं. उत्तर मिळालं की कराराचा आढावा घेऊ. मार्चमध्ये युरोपीय संघानं काही व्यक्तींवर आणि रवांडाची राजधानी किगालीतल्या गासाबो सोनं शुद्धीकरण कारखान्यावर निर्बंध लादले, ते बरंच झालं. पण त्या यादीत मेजर जनरल युजीन न्कुबितो हे नाव आहे. मोझांबिकच्या काबो देलगादोत रवांडाच्या सैन्याचं नेतृत्व त्यांनी केलं होतं आणि त्या मोहिमेला संघानंच डिसेंबर 2022 मध्ये दोन कोटी युरो दिले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये आणखी दोन कोटी मंजूर केले. त्याच प्रांतात फ्रेंच कंपनी टोटलएनर्जीजचा वायूप्रकल्प आहे. किगालीला दुखवायला ब्रसेल्स का कचरतं, याचं बरंचसं उत्तर मला तिथे दिसतं.

दबाव आणून काही होत नाही, असं आपले मुत्सद्दी म्हणतील. 2012 आठवा. 20 नोव्हेंबरला याच एम 23 नं गोमा घेतलं होतं. तेव्हा युरोपातल्या देशांनी आणि खुद्द युरोपीय संघानं रवांडाची मदत रोखली. डिसेंबर उजाडताच बंडखोर शहरातून निघाले आणि वर्षभरात, नोव्हेंबर 2013 मध्ये, त्यांचा पाडाव झाला. टांझानिया, दक्षिण आफ्रिका, मलावी यांच्या सैनिकांचा त्यात मोठा हात होता, हे मान्य. पण आश्रयदात्यानं हात आखडता घेतला नसता, तर ते एवढ्या लवकर जमलं नसतं.

रवांडाची भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. 1994 च्या वंशसंहारात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात सामील असलेल्यांनी उभारलेला एफडीएलआर हा गट आजही काँगोत आहे आणि काँगोच्या सैन्यानं त्याची मदत घेतल्याचं तज्ज्ञगटानंच नोंदवलं आहे. किन्शासातल्या काँगोच्या सरकारला त्याचा जाब विचारायलाच हवा. पण एफडीएलआरला हुडकण्यासाठी कोल्टनच्या खाणीवर कर बसवावा लागत नाही.

4 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाच्या अध्यक्षांनी शांतता करारावर सह्या केल्या. आठवडाभरात एम 23 पूर्व काँगोतल्या उविरा शहरात शिरला. सह्यांचा भाव एवढाच असेल, तर आपल्या हातात असलेली एक सही तरी मागे घ्या. 2024 चा करार स्थगित करा. आढाव्यात काय आढळलं ते संसदेपुढे ठेवा. रवांडातून येणाऱ्या टँटलमच्या प्रत्येक खेपेचा मूळ खाणीपर्यंतचा कागद आयातदाराकडून मागा आणि रुबाया एम 23 च्या हाती असेतोवर तो कागद नसेल तर माल बंदरातून परत पाठवा. यासाठी नवा कायदा लागत नाही.

कळावे.

आपला,
मुंबईतला एक पत्रकार