जीर्णोद्धार की सोंग?

जुनी मोटारसायकल ‘पूर्ववत केली’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांची संख्या बेळगाव-खानापूर भागात अलीकडे वाढली आहे. नंदगडच्या पेठेतही असे एखादे झगमगते वाहन उभे राहिले की भोवती घोळका जमतो. कोणाच्या आनंदावर विरजण घालण्याची आम्हांस हौस नाही. परंतु अशा पुष्कळ वाहनांचा जीर्णोद्धार झालेला नसून त्यांना केवळ सोंग चढविण्यात आले आहे, हे कोणी तरी स्पष्टपणे सांगणे अवश्य आहे.

हे सोंग बहुधा एकाच प्रकारचे असते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची साधी बुलेट घ्यावयाची. तिचे रुंद मडगार्ड कापावयाचे, धुराचा नळ उंच वळवावयाचा, मागची बैठक काढावयाची, चौकटीचे टोक करवतीने छाटावयाचे आणि टाकीला रंग देऊन जाहीर करावयाचे की ही ‘ट्रायल्स’ बुलेट!

ट्रायल्स ही शर्यत नव्हे. दगडगोटे, चिखल, ओढे यांतून पाय जमिनीला न टेकता वाहन पार नेण्याची ती कसोटी आहे. तेथे वेगाला मान नाही, तोलाला आहे. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कारखान्याने मागच्या चाकाचेही हिसके झेलणारी नवी बुलेट १९४८ साली अशाच कसोटीत उतरविली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने स्कॉटलंडमधील सहा दिवसांची कसोटी १९५२ व १९५७ साली एन्फील्डवरच जिंकली. ती वाहने कसोटीकरिता घडविलेली होती. मद्रासेत १९५५ पासून जी बुलेट तयार होऊ लागली, ती शिपायाची, पोलिसाची, बागायतदाराची बुलेट होती. तिचाही काही स्वधर्म आहे. पावसाळ्यात खानापुरच्या तांबड्या मातीतून जिने माणूस आणि ओझे मुकाट्याने वाहिले, तिला परक्याची वस्त्रे नेसवून मान द्यावयाचा, यात तिचा गौरव की अपमान?

या मासिकाच्या वाचकांना जीर्णोद्धार हा शब्द नवा नाही. भंगलेली मूर्ती बदलावयाची झाली तर तिच्यातील देवत्वाचे कलशात आवाहन करतात, जुनी मूर्ती विधिपूर्वक विसर्जित करतात आणि नवीची प्राणप्रतिष्ठा करतात. नवी मूर्ती पुरातन आहे असे कोणी सांगत नाही. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले. स्थान बदलले, मंदिर नवे उभे राहिले. पण मूळ स्थान कुशस्थळी, हे आजही प्रत्येक महाजन सांगतो. परंपरा टिकते ती बदल टाळून नव्हे, तर बदल न लपवून. देवाच्या बाबतीत जे आपण पाळतो ते यंत्राच्या बाबतीत पाळावयास काय हरकत आहे?

यावर ठरलेले उत्तर येते: “मूळचे भाग मिळतात कोठे?” ही सबब नीट तपासण्यासारखी आहे. जुन्या बुलेटच्या साडेतीनशेच्या एंजिनाचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९० मिलिमीटर. इंग्लंडातील उत्पादन १९७० साली बंद पडले, पण हा घाट चेन्नईत या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालू होता. त्यामुळे पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, क्लचच्या पट्ट्या यांसाठी कोणाला वणवण करावी लागत नाही. खरी दुर्मिळता पत्र्याच्या भागांची आहे. मूळचे मडगार्ड, हत्यारांची पेटी, बैठक, टाकी हेच भाग गंजतात आणि हेच मिळत नाहीत. आणि सोंग चढविणारा नेमके हेच कापून भंगारात घालतो! एकाने फेकलेले मडगार्ड दुसरा पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात शोधत फिरतो. टंचाईचे रडगाणे गाणाराच टंचाई निर्माण करतो, याला काय म्हणावे?

जे खरोखरच मिळत नाही ते दुरुस्त करता येते, नाही तर घडविता येते. झिजलेला सिलिंडर बोअर करता येतो. तेही संपले तर स्लीव्ह घालता येते. जुने इंग्रजी आटे, पुष्कळ ठिकाणी इंचाला सव्वीस, लेथवर आजही कापता येतात. त्याऐवजी मेट्रिक मापाचा नट हातोडीने बसविणारा मिस्त्री वेळ वाचवीत नाही. तो पुढच्या मिस्त्रीचे काम कायमचे बिघडवितो. बेळगावचे उद्यमबाग आणि कोल्हापूरचे उद्यमनगर साऱ्या देशाच्या कारखान्यांना ओतीव भाग पुरवितात. त्यांना एका जुन्या बुलेटचे कव्हर ओतता येऊ नये? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच बेळगावात सायकलीचे दुकान काढले आणि तेथूनच कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत व लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. त्या गावात ‘येथे होत नाही’ हे वाक्य शोभत नाही. उणीव कौशल्याची नसून धीराची आहे.

कायद्याचाही विचार करावा. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चौकटीत, सांगाड्यात वा एंजिनात मोठा फेरफार न केलेले वाहनच ‘विंटेज’ ठरते. म्हणजे करवत चालविणारा आपल्याच हाताने हा मान गमावतो. मग काही जण चौकटीवरचे आकडे बदलण्यापर्यंत जातात. ती हौस नव्हे, ती लबाडी होय.

कोणी ट्रायल्सची प्रतिकृती करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. खुद्द कंपनीने २०१९ साली ‘बुलेट ट्रायल्स’ बाजारात आणली तेव्हा तिला ‘वर्क्स रेप्लिका’ म्हटले. नक्कल ही नक्कल आहे, हे नावातच सांगितले. गाडी नवी घ्यावी, चौकट नवी करावी आणि खुशाल डोंगर चढावा. परंतु त्यासाठी साठ वर्षांच्या म्हातारीचा बळी देऊ नये.

आमची मागणी साधी आहे. देवस्थानात दागिन्यांची वही असते. कोणता दागिना कोणी वाहिला, कोणता मोडून पुन्हा घडविला, हे तीत लिहिलेले असते. तशीच एक वही प्रत्येक जुन्या वाहनाबरोबर असावी. कोणता भाग मूळचा, कोणता दुसऱ्या गाडीचा, कोणता कोणत्या लेथवर केव्हा केला, हे मिस्त्रीने तीत लिहावे व खाली सही करावी. घेणाऱ्याने रंगाची चकाकी पाहण्याआधी ती वही मागावी. वही नसेल तर किंमत सोंगाची द्यावी, जीर्णोद्धाराची नव्हे.